डाऊन स्लीपिंग बॅग घेताना: डाऊनच्या दर्जाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाऊन म्हणजे नेमके काय? साध्या पिसांपेक्षा ते वेगळे कसे?

हंस, बदक अशा पाणपक्ष्यांच्या अंगावर आपल्याला दिसतात ती वरची पिसे. त्यांच्या खाली, विशेषतः छाती आणि पोटाच्या भागात, अतिशय मऊ तंतूंचा एक थर असतो. त्याला डाऊन म्हणतात. पीस चपटे असते आणि त्याच्या मधोमध कडक दांडी असते. डाऊनच्या गुच्छाला अशी दांडी नसते. एका बारीकशा बिंदूपासून तंतू चहूबाजूंना फुटलेले असतात आणि प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू असतात. चांगल्या डाऊनचा एक गुच्छ तळहातावर घेतला तर त्याचे वजन जाणवत नाही. चिमटीत दाबून सोडला की क्षणभरात तो पुन्हा फुलतो. ऊब मिळते ती या तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. डाऊन स्वतः उष्णता निर्माण करत नाही, ते फक्त शरीराची उष्णता निसटू देत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात, कारण डाऊनचा दर्जा म्हणजे शेवटी कमीत कमी वजनात जास्तीत जास्त हवा धरून ठेवण्याची क्षमता.

लेबलवर ९०/१० किंवा ८०/२० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

भरणातील डाऊन आणि पिसे यांचे हे वजनी प्रमाण आहे. ९०/१० म्हणजे ९० टक्के डाऊनचे गुच्छ आणि १० टक्के बारीक पिसे. पिसे पूर्णपणे वेगळी काढणे व्यवहारात जमत नाही, त्यामुळे थोडी पिसे असणे हा दोष नव्हे. मात्र ७०/३० किंवा त्याहून खालचे भरण असेल तर बॅग जड होते, दांड्या कापडातून टोचतात आणि दाबली गेलेली बॅग पूर्वीसारखी फुलत नाही. हिमालयात स्वतःच्या पाठीवर वाहून न्यायच्या बॅगेसाठी ८०/२० ही खालची मर्यादा मानावी.

फिल पॉवर म्हणजे काय?

एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, डाऊन काचेच्या नळकांड्यात भरतात, त्यावर ठरावीक वजनाची हलकी तबकडी ठेवतात आणि त्या दाबाखाली डाऊन किती घनइंच जागा व्यापते ते मोजतात. तो आकडा म्हणजे फिल पॉवर. ८०० फिल पॉवरचे २८ ग्रॅम डाऊन सुमारे १३ लिटर जागा व्यापते, म्हणजे मूठभर वजनाच्या डाऊनने अंघोळीची लहान बादली भरते. ६०० फिल पॉवरचे तेवढ्याच वजनाचे डाऊन १० लिटरच्याही किंचित खाली थांबते. साधारणपणे ५५० ते ६०० हे कामचलाऊ, ६५० ते ७५० चांगले आणि ८०० च्या पुढचे उत्तम समजले जाते.

मग ८०० ची बॅग ६०० च्या बॅगेपेक्षा जास्त उबदार असते का?

असे असेलच असे नाही, आणि दुकानात सर्वाधिक गैरसमज याच एका आकड्याभोवती असतात. फिल पॉवर हा डाऊनचा गुण आहे, बॅगेचा नाही. बॅग किती फुगेल हे त्या डाऊनची फिल पॉवर आणि बॅगेत भरलेल्या डाऊनचे वजन या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. ६०० फिल पॉवरचे ५०० ग्रॅम डाऊन आणि ८०० फिल पॉवरचे ३७५ ग्रॅम डाऊन हिशेबाने सारखीच जागा व्यापते. बाकी शिवण आणि आकार सारखे असतील तर ऊबही जवळपास सारखीच मिळेल. फरक पडतो तो सव्वाशे ग्रॅम वजनाचा, सॅकमध्ये दाबून भरल्यावर लागणाऱ्या जागेचा आणि अर्थातच किमतीचा. उलट, ८०० फिल पॉवरचे अवघे २५० ग्रॅम डाऊन असलेली बॅग ६०० फिल पॉवरच्या ५०० ग्रॅमच्या बॅगेपुढे थंडच पडेल, मग तिच्या लेबलवरचा आकडा कितीही ठसठशीत छापलेला असो.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो भरणाच्या वजनाचा. बॅगेचे एकूण वजन आणि भरणाचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण वजनात कापड, चेन, दोऱ्या हे सगळे येते. एखादी कंपनी फिल पॉवर मोठ्या अक्षरांत छापते आणि भरणाचे वजन कुठेच देत नाही, तेव्हा ती बॅग बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादकाला हा आकडा ठाऊक असतोच, कारण कप्पे भरताना डाऊन तोलूनच भरावे लागते.

जास्त फिल पॉवरसाठी जास्त पैसे कोणी मोजावेत? जो आपले सगळे सामान स्वतः वाहणार आहे, ज्याचे मुक्काम बरेच आहेत आणि ज्याच्या सॅकमध्ये दोर, गॅस, अन्न असे आणखी बरेच काही आहे, त्याने. ज्याची बॅग खेचरावर किंवा पोर्टरच्या पाठीवर जाणार आहे आणि जो वर्षातून एकदा आठवडाभराच्या ट्रेकला जातो, त्याला ६५० ते ७०० फिल पॉवरची, पुरेसे वजन भरलेली बॅग पुरते. वाचलेले पैसे चांगल्या मॅटवर घालावेत.

वेगवेगळ्या कंपन्यांचे फिल पॉवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात का?

काळजीपूर्वक. चाचणीआधी डाऊन कसे तयार केले जाते यावर निकाल बराच अवलंबून असतो. वाफ देऊन आणि नीट सुकवून पूर्ण फुलवलेले डाऊन मोठा आकडा दाखवते. अमेरिकी आणि युरोपीय पद्धतींतही फरक आहे आणि त्याच डाऊनचा युरोपीय आकडा सहसा कमी येतो. त्यामुळे ८०० आणि ८५० या आकड्यांतला फरक वेगवेगळ्या देशांच्या दोन कंपन्यांच्या बाबतीत गंभीरपणे घेऊ नये. शिवाय प्रयोगशाळेतली कोरडी हवा तंबूत नसते. दोन दिवस सॅकच्या तळाशी चेपलेली आणि रात्रीच्या दमट हवेने ओलावलेली बॅग लेबलवरच्या आकड्याइतकी कधीच फुलत नाही.

हंसाचे डाऊन बदकाच्या डाऊनपेक्षा चांगले का मानतात? पांढरे आणि करडे यांत काही फरक आहे का?

हंस आकाराने मोठा असतो, त्यामुळे त्याचे गुच्छही मोठे असतात. म्हणूनच सर्वांत वरच्या फिल पॉवरचे डाऊन बहुधा हंसाचे असते. पक्षी पूर्ण वाढलेला असेल तर गुच्छ आणखी मोठे आणि चिवट मिळतात. बदकाच्या डाऊनला कधीकधी वास येतो, विशेषतः ते नीट धुतलेले नसेल आणि बॅग ओली झाली असेल तर. पण ७०० फिल पॉवरचे बदकाचे डाऊन आणि ७०० फिल पॉवरचे हंसाचे डाऊन यांच्या उबेत फरक नसतो, आणि बदकाची बॅग सहसा स्वस्त पडते. रंगाचा उबेशी काहीही संबंध नाही. फिकट कापडातून करडे डाऊन दिसते, म्हणून पांढऱ्याला भाव येतो, एवढेच.

आयडर नावाच्या उत्तरेकडच्या समुद्री बदकाचे डाऊन आइसलँडमध्ये घरट्यांतून गोळा करतात. ते फार महाग असते आणि स्लीपिंग बॅगेत सहसा आढळत नाही. पण गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याला जागा आहे. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात आयडरचे डाऊन भरून शिवलेला कोट नेला होता, आणि बाकीचे गिर्यारोहक तेव्हा लोकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत वावरत होते.

बॅगेवर तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतले कोणते खरे धरायचे?

युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ हे मानक आले आणि पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. या चाचणीत तापवलेला, आतले कपडे घातलेला पुतळा मॅटवर ठेवलेल्या बॅगेत झोपवतात आणि उष्णता किती वेगाने निसटते ते मोजतात. त्यावरून तीन आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे २५ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ६० किलो वजनाची ‘प्रमाण स्त्री’ सैलावून आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे त्याच वयाचा, १७३ सेंटिमीटर उंचीचा, ७३ किलो वजनाचा ‘प्रमाण पुरुष’ अंग आखडून का होईना पण कुडकुडण्याच्या उंबरठ्यावर रात्र काढू शकेल ते तापमान. एक्स्ट्रीम म्हणजे त्या स्त्रीचा सहा तास कसाबसा जीव वाचेल, इतकेच. त्यात हिमदंश होऊ शकतो.

आपल्याकडे ऑनलाइन विक्रीत यांतला सर्वांत थंड आकडा मथळ्यात टाकण्याची खोड आहे. ‘उणे १५ ची बॅग’ म्हणून विकली जाणारी वस्तू पुष्कळदा एक्स्ट्रीम उणे १५ ची असते आणि तिचा कम्फर्ट शून्याच्या आसपास असतो. खरेदी करताना फक्त कम्फर्टचा आकडा पाहावा, आणि जिथे जायचे तिथल्या रात्रीच्या अपेक्षित तापमानापेक्षा तो चार-पाच अंशांनी खालचा असावा. ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते, जे दिवसभर चालून उपाशी झोपतात किंवा ज्यांना उंचीचा त्रास होतो, त्यांनी हा फरक आणखी वाढवावा. अतिथंड प्रदेशांतल्या मोहिमांच्या बॅगा या मानकाच्या कक्षेत मुळात येत नाहीत. तिथे उत्पादकाची विश्वासार्हता आणि अनुभवी गिर्यारोहकांचा सल्ला यांवरच भिस्त असते.

ही सर्व तापमाने मॅट धरून काढलेली असतात, हे विसरू नये. आपल्या अंगाखालचे डाऊन वजनाने चेपले जाते आणि त्यातली हवा निघून जाते, म्हणून जमिनीकडून येणारा गारठा बॅग अडवत नाही. तो अडवते मॅट. बर्फावर झोपताना पातळ योगा मॅट घेऊन उत्तम बॅग नेणारी माणसे रात्रभर कुडकुडतात आणि सकाळी दोष डाऊनला देतात.

शिवणीचा आणि डाऊनच्या दर्जाचा काही संबंध आहे का?

मोठा संबंध आहे. डाऊन मोकळे सोडले तर एका कोपऱ्यात जमते, म्हणून बॅग कप्प्याकप्प्यांची शिवतात. वरचे आणि आतले कापड एकमेकांना थेट टाचून शिवले तर प्रत्येक टाक्यापाशी डाऊनची जाडी शून्य होते आणि त्या रेघांतून थंडी आत येते. उन्हाळी बॅगेला हे चालते. शून्याखालच्या बॅगेत मात्र दोन्ही कापडांमध्ये जाळीच्या उभ्या भिंती घालून पेटीसारखे कप्पे केलेले असावेत, म्हणजे डाऊन सगळीकडे सारखे फुलते. त्याशिवाय चेनच्या आतून डाऊन भरलेली एक लांब पट्टी आणि मानेभोवती डाऊनची कॉलर असते का, हे पाहावे. ही दोन्ही नसतील तर ८५० फिल पॉवरची बॅगही गळ्यापाशी आणि चेनपाशी गळते. बॅगेच्या मापाकडेही लक्ष द्यावे. फार ढगळ बॅगेत आतली हवा गरम करण्यात शरीराची शक्ती जाते, तर फार घट्ट बॅगेत खांदे आणि गुडघे डाऊन आतून चेपतात.

दुकानात बॅग हातात घेऊन डाऊनचा दर्जा कसा ओळखायचा?

पिशवीतून बॅग काढून सपाट जागी पसरावी आणि थोडा वेळ तिला हात लावू नये. चांगले डाऊन काही मिनिटांत दिसण्याइतके फुलते. दहा मिनिटांनीही बॅग चादरीसारखी सपाट पडलेली असेल तर भरण कमी आहे, हलक्या दर्जाचे आहे किंवा बॅग महिनोन्महिने दाबून ठेवलेली आहे. त्यानंतर एकेक कप्पा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हळूच चोळावा. डाऊन जवळपास हाताला लागत नाही. बोटांना बारीक काड्यांसारखे काही जाणवले तर त्या पिसांच्या दांड्या समजाव्यात. चार-दोन लागल्या तर चालते, प्रत्येक चिमटीत लागल्या तर लेबलवरचे ९०/१० खरे मानू नये.

बॅग उजेडासमोर धरली तर कप्प्यांतले रिकामे भाग स्पष्ट दिसतात. ही परीक्षा विशेषतः छातीवरच्या आणि पायाकडच्या कप्प्यांवर करावी. कप्पा हाताने झटकल्यावर डाऊन एका बाजूला सहज घसरत असेल तर भरण अपुरे आहे. महागड्या, फार हलक्या बॅगांतही हा दोष असतो, कारण ९०० फिल पॉवरचे डाऊन थोडेच भरले तरी कप्पा भरल्यासारखा दिसतो; मग रात्री कूस बदलताना ते सरकते आणि पाठीच्या बाजूला खळगा पडतो. म्हणून अशा बॅगेपेक्षा किंचित जड, पण कप्पे ठासून भरलेली बॅग मला नेहमी जास्त भरवशाची वाटते. शेवटी कापड हुंगून पाहावे. ओलसर, आंबूस किंवा कोंबडीच्या खुराड्यासारखा वास येत असेल तर डाऊन नीट धुतलेले नाही. घरी नेल्यावर तो वास जाईल या आशेवर बॅग घेऊ नये.

काठमांडूच्या थमेलमध्ये नामांकित कंपन्यांची चिन्हे लावलेल्या नकली डाऊन बॅगा सर्रास मिळतात. त्यांतल्या काही कामाच्या असतात, पण त्यांचे लेबल वाचून उपयोग नाही. वरच्या परीक्षा करून जे हाताला लागेल तेच खरे.

पाणी न शोषणारे डाऊन म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

साधे डाऊन भिजले की गुच्छ चिकटून गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. यावर उपाय म्हणून गुच्छांवर पाणी न टिकू देणारा पातळ थर देतात. त्यामुळे दव आणि तंबूच्या कापडावरून ठिबकणारे पाणी यांपुढे बॅग जास्त वेळ तग धरते आणि लवकर सुकते, पण नदीत पडलेली बॅग त्यामुळे वाचत नाही. दमट हवेत जाणाऱ्यांना थोडे जास्त पैसे देणे परवडते. लडाखसारख्या कोरड्या प्रदेशात त्याचे महत्त्व कमी.

बरेच दिवस चालणाऱ्या थंड मोहिमेत पाणी बाहेरून नव्हे, आपल्याच अंगातून येते. घामाची वाफ बॅगेच्या बाहेरच्या थरात गोठते आणि रोज थोडी साचत जाते. म्हणून दुपारच्या मुक्कामी बॅग उलटी करून उन्हात वाळवण्याचा रिवाज गिर्यारोहक कटाक्षाने पाळतात. तोंड बॅगेत खुपसून झोपणे म्हणजे रात्रभर डाऊनमध्ये वाफ सोडत राहणे.

सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी डाऊन बॅग घ्यावी का?

नाही. हिवाळ्यातही आपल्या बहुतेक किल्ल्यांवर रात्रीचे तापमान शून्याच्या बऱ्यापैकी वर असते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि त्या उंचीवर साधी सिंथेटिक बॅग पुरते. पावसाळ्यात तर डाऊन हा चुकीचाच पर्याय ठरतो. गुहेत मुक्काम केला तरी धुक्याचा दमटपणा डाऊनमध्ये शिरतो. सिंथेटिक भरण ओले झाले तरी काही ऊब देते, घरच्या मशीनमध्ये धुता येते आणि कातळावर घासले गेले तरी जिवाला लागत नाही.

हिमालयात एकदाच जायचे असेल तर विकत घ्यावी की भाड्याने?

एकदाच जायचे असेल तर भाड्याने. उत्तराखंडमधल्या केदारकंठसारखा हिवाळी ट्रेक करताना आयोजक बॅग देतात, पण ती पुष्कळदा सिंथेटिक आणि बरीच वापरलेली असते. आत रेशमी किंवा फ्लीसचे अस्तर घालून झोपावे. एव्हरेस्ट बेस कॅम्पची उंची ५,३६४ मीटर आहे आणि तिथल्या वाटेवर निवारा लॉजचा असला तरी खोल्या गरम नसतात, त्यामुळे उणे दहाच्या आसपास कम्फर्ट असलेली बॅग हवी. जानेवारीत लडाखमधल्या गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या चादर ट्रेकला, जिथे रात्रीचे तापमान उणे २० किंवा त्याखाली जाते, भाड्याची बॅग घेण्यापूर्वी तिच्या कप्प्यांची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणे स्वतः करावी.

आमच्या घरी माळकरी आहेत. डाऊनमध्ये पक्ष्यांना त्रास होतो का?

बहुतांश डाऊन मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांचे असते. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसे उपटण्याचे आणि यकृत फुगवण्यासाठी त्यांना जबरदस्तीने खाऊ घालण्याचे प्रकार झाले, म्हणून २०१४ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र सुरू झाले. त्यात या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. मात्र प्रमाणित डाऊनही मारलेल्या पक्ष्याचेच असते. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी सरळ सिंथेटिक बॅग घ्यावी. वजन वाढेल, ऊब मिळेल.

मुंबई-कोकणच्या हवेत डाऊन बॅग कशी टिकवावी आणि कशी धुवावी?

बॅग आवळून भरायची छोटी पिशवी फक्त प्रवासासाठी असते. घरी आल्यावर बॅग मोठ्या सुती पिशवीत सैल भरावी किंवा कपाटात टांगावी. माळ्यावर चेपून ठेवलेले डाऊन दोन-तीन वर्षांत लवचीकपणा गमावते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत ठेवण्याचा मोह होतो, पण आत थोडी जरी ओल राहिली तरी बुरशी धरते. त्यापेक्षा कोरडी उघडीप मिळेल तेव्हा बॅग पंख्याखाली पसरावी. डांबरगोळ्यांचा वास डाऊन सोडत नाही, म्हणून त्या शेजारीही ठेवू नयेत.

धुणे शक्य तितके टाळावे, गळ्याजवळचा मळ ओल्या कापडाने पुसावा. धुवायचेच असेल तर डाऊनसाठीचा खास साबण घ्यावा, कारण कपड्यांच्या पावडरने गुच्छांवरचे नैसर्गिक तेल निघून जाते. दिवस मार्च-एप्रिलचे निवडावेत. मोठ्या टबात बॅग बुडवून हलक्या हाताने दाबावी, पिळू नये, आणि उचलताना दोन्ही हात खाली घालून सबंध उचलावी. एका टोकाला धरून उचलली तर पाण्याच्या वजनाने आतल्या जाळीच्या भिंती फाटतात आणि ती हानी बाहेरून दिसतही नाही. जवळच्या लाँड्रीत मोठा ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून सुकवणे सर्वांत सोपे. ड्रायर नसेल तर सावलीत पसरून, दर काही तासांनी आतले गोळे बोटांनी फोडत, तीन-चार दिवस धीर धरावा लागतो. कप्प्यात एकही गोळा उरला असेपर्यंत बॅग कोरडी झालेली नाही.

कापडातून पिसाचे टोक बाहेर आले तर ओढून काढावे का?

ओढू नये. ओढले की छिद्र मोठे होते आणि मागोमाग डाऊनचा गुच्छही बाहेर येतो. कापडाच्या मागच्या बाजूने टोक चिमटीत धरून पीस आत ओढून घ्यावे आणि छिद्राची जागा बोटाने हळूच चोळावी. विणीतले धागे पुन्हा जवळ येतात.